नारिंगी दात

माझी लेखक म्हणून ओळख झाली ती एका उंदराच्या दातांमुळे. हे मी विनयाने म्हणत नाही, घडलं तसं सांगतो.

या खोलीत राहायला येऊन तीन आठवडे झाले होते. खोली दुसऱ्या मजल्यावर, तिला मागच्या बाजूने स्वतंत्र जिना. खाली घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. चाळीस वर्षं लोकांचे दात बघून त्यांनी दवाखाना नुकताच बंद केला होता. एका सकाळी त्यांनी मला जिन्याच्या पायथ्याशी गाठलं.

"रोज सहा वाजता तुझ्याकडून आवाज येतो. टकटक, कुरकुर, परत टकटक. काय चालतं रे वर?"

वर पिपेट, माझी पाळीव उंदरीण, पिंजऱ्यातल्या लाकडी फळीवर दात चालवत असायची. पण खोलीत कोणताही प्राणी ठेवता येणार नाही, असं भाडेकराराचं नववं कलम होतं आणि त्याखाली माझी सही होती.

"टायपिंग करतो," मी म्हणालो.

"रोज? इतक्या सकाळी? ऑफिसचं?"

"नाही, असंच. थोडं लिहितो."

बाईंचा चेहरा असा उजळला की मला खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. आजवर माझ्या कुठल्याही कामाने कुणाचा चेहरा उजळला नव्हता.

"म्हणजे तू आमचाच माणूस निघालास," बाई म्हणाल्या. "रविवारी चारला खाली ये. लेखनमंडळ भरतं आमचं. काहीतरी घेऊन ये, रिकाम्या हाताने आलेलं चालत नाही."

टायपिंग करतो म्हटल्यावर टाइप केलेलं काहीतरी दाखवणं भाग होतं. मला दोनच विषयांतलं नीट कळतं, पिण्याचं पाणी आणि उंदीर. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी असल्याने पाण्यावर मी दिवसभर लिहीतच असतो: गढूळपणा इतका, क्लोरीन इतकं, नमुना पिण्यास योग्य. म्हणून शनिवारी बसून उंदरावर गोष्ट लिहिली.

उंदीर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गटार येतं. माझ्या दोघींनी गटार पाहिलेलं नाही. त्या पाळीव जातीच्या, माणसाच्या हातात जन्मलेल्या, सख्ख्या बहिणी. पिपेट लांबट आणि करडी, वजन तीनशे बारा ग्रॅम. ब्युरेट पांढरी, पाठीवर काळा पट्टा, वजन चारशे सव्वीस ग्रॅम आणि त्याबद्दल तिला कसलाही पश्चात्ताप नाही. नावं आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांवरून ठेवली, एक बारीक आणि एक जरा जाड. रोज सकाळी दोघींना वजनकाट्यावरच्या वाटीत बसवून आकडा वहीत उतरवतो. संध्याकाळी तासभर त्या पलंगावर मोकळ्या असतात. मी तेव्हा लिहायला बसतो, पिपेट डाव्या बाहीतून शिरून कॉलरमधून बाहेर येते आणि मी काय लिहिलं ते बघते. पिंजऱ्यातला कागदाचा भुसा दर तीन दिवसांनी बदलावा लागतो. जुना भुसा मी लॅपटॉपच्या बॅगेत भरून दोन गल्ल्या पलीकडच्या कचराकुंडीत टाकून येतो. बाईंना वाटायचं, मी सुट्टीच्या दिवशीही ऑफिसला जातो. "फार राबवतात रे तुला," त्या म्हणायच्या.

एवढी लपवाछपवी हौसेखातर नव्हती. दीड वर्षात माझ्या तीन खोल्या गेल्या होत्या. पहिल्या मालकाला उंदीर दिसले. दुसऱ्याला वास आला. माझ्या मते तो त्याच्या मोरीचा होता. तिसऱ्याने झाकलेल्या पिंजऱ्याकडे बोट करून "आत काय, घूस आहे की काय?" असं चेष्टेने विचारलं, आणि हसून सोडून द्यायचं तर मी त्याला घूस आणि उंदीर यांतला फरक समजावून सांगितला. पावलांच्या लांबीपासून सुरुवात केली.

प्रत्येक वेळी खोली बदलली की पिपेटच्या डोळ्यांभोवती तांबडं पाणी यायचं, शिंका सुरू व्हायच्या. तिसऱ्या वेळी ती आठवडाभर अन्नाला धड शिवली नाही, चाळीस ग्रॅम उतरली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी वजनाची वही पाहिली आणि सांगितलं, "अजून एकदा हलवलंत तर ही टिकायची नाही." ते मुळात गायी-कुत्र्यांचे डॉक्टर, पण आकडे त्यांना वाचता येत होते. उंदीर जगतात दोन वर्षं, फार तर तीन. पिपेट पावणेदोन वर्षांची होती. तिचं उरलेलं आयुष्य याच खोलीच्या खिडकीशी जावं, एवढंच मला हवं होतं, आणि त्या दृष्टीने ही खोली उत्तम होती. तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे बाईंचे गुडघे. जिन्याला तेवीस पायऱ्या होत्या आणि बाई दोन वर्षांत त्यातली एकही चढल्या नव्हत्या.

मंडळ भरायचं ते बंद दवाखान्यात. सगळं सामान गेलं तरी दात बघायची खुर्ची बाईंनी ठेवली होती, आणि ज्याने वाचायचं त्याने त्या खुर्चीत बसायचं हा मंडळाचा नियम होता. बाई पायाने पेडल दाबून खुर्ची वर घ्यायच्या, डोक्यावरचा मोठा दिवा लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, उघड." म्हणजे वही. ऐकणारे भिंतीलगतच्या बाकावर बसायचे, जिथे पूर्वी पेशंट बसायचे, आणि त्यांचे चेहरेही साधारण तसेच असायचे. वाचून झालं की दिवा बंद. वाचन चालू असतानाच बंद झाला तर काय ते आपण समजून घ्यायचं.

बाकावर तिघं. विमा एजंट कविता करायचा, सगळ्या मृत्यूवर. रोपवाटिकावाल्या काकू खुनाच्या गोष्टी लिहायच्या, त्यात मरणारी बाई दर वेळी मोठी जाऊ असायची. आणि कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्टकाका, जे स्वतः काही लिहीत नसत, पण सगळ्यांचं टाइप करत आणि त्यामुळे सगळ्यांपेक्षा वरचे होते. मला त्यांनी पहिल्या दिवशीच पाणीवाला हे नाव दिलं.

माझ्या पहिल्या गोष्टीत एवढंच होतं की एक उंदीर सकाळी उठतो, खातो, कानामागे खाजवून घेतो आणि त्याचे डोळे आतबाहेर होतात. बाईंनी दिवा बंद केला.

मग विमा एजंट म्हणाला, "भय. आजच्या माणसाचं भय. डोळे अक्षरशः बाहेर येतात."

"नाही, तो खूश असतो," मी म्हणालो. "खूश झाला की उंदीर दातावर दात घासतो. जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जातो, म्हणून डोळा हलतो."

"बघा, किती लपवतोय," काकू म्हणाल्या. "अरे, आम्हाला कळलं ते. मला तर माझी जाऊच दिसली."

"उंदरात?"

"उंदरात नाही, खाजवणाऱ्यात."

मी अजून बोलणार होतो, पण बाईंनी हात वर केला. "लेखकाला स्वतःला कळत नसतं त्याने काय लिहिलंय. पेशंटला तरी कुठे कळतं कुठला दात दुखतो? बोट ठेवतो डावीकडे, कीड निघते उजवीकडे."

त्यानंतर वर्षभर मी उंदरावर लिहीत राहिलो आणि मंडळ अर्थ काढत राहिलं. पिपेटच्या डोळ्यांतलं तांबडं पाणी लिहिलं, तर विमा एजंटाने 'रक्ताचे अश्रू' म्हणून ते स्वतःच्या कवितेत नेलं. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतलं रंगद्रव्य असतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "ग्रंथीवर कविता होत नाही." मी गप्प बसलो, कारण माझ्या लक्षात आलं होतं की हा गैरसमज माझ्या सोयीचा आहे. गोष्टीतला उंदीर जोवर आजचा माणूस आहे, तोवर तो वरच्या खोलीत शोधायला कोण येणार? प्रतीकाला पिंजरा लागत नाही, भुसाही लागत नाही.

वर्षअखेरीला मंडळाचा संग्रह निघायचा. संपादक अर्थात बाई. या वर्षी पहिली गोष्ट माझी होती. मी ताईला फोन करून सांगितलं. माझ्या उंदरांबद्दल घरात फक्त तिला माहीत आहे. आई समजते की मी मासे पाळले आहेत.

"पहिली गोष्ट म्हणजे पान एकपासून?" ताईने विचारलं.

"पान सात. आधी बाईंचं मनोगत आहे."

"हे बघ, तू एकच कर. छापून येईपर्यंत तोंड बंद ठेव. कुणी काही चुकीचं बोललं तर बोलू दे. तुला जमत नाही, पण प्रयत्न कर."

"मी उगाच कुठे बोलतो?"

"माझ्या लग्नात भटजींना मुहूर्ताची वेळ सेकंदात कोण विचारत होतं?"

मी प्रयत्न करायचं कबूल केलं.

छापायला जायच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाने आपली गोष्ट कच्च्या छपाईवरून मोठ्याने वाचायची होती. मी खुर्चीत बसलो. बाईंनी पेडल दाबलं, दिवा लावला. सुरुवात चांगली झाली. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य आलं: 'सकाळच्या उन्हात तिचे शुभ्र दात चमकले.'

मी थांबलो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"इथे नारिंगी होतं."

टायपिस्टकाका ताठ झाले. "माझ्याकडे जे आलं ते मी टाइप केलं."

"मी बदललं," बाई म्हणाल्या. "नारिंगी दात. काहीतरीच. वाच पुढे."

"पण उंदराचे दात नारिंगीच असतात."

"दात हा माझा विषय आहे."

"माणसाचे."

"दात तो दात. पिवळा दिसला की तीनच कारणं. तंबाखू, फ्लोराईड, नाहीतर आळस."

"आपल्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे शून्य पूर्णांक सहा मिलिग्रॅम आहे. मंगळवारीच मोजलंय."

"मग आळस," बाई म्हणाल्या आणि बाक हसला.

विमा एजंटाने समजूत घातली. "शुभ्रच ठेव रे. नारिंगी म्हटलं की अर्थ गढूळ होतो."

गढूळपणा मी रोज मोजतो आणि त्याचा अर्थाशी काही संबंध नसतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मला ताई आठवली. मी ओठ मिटले, बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. खरंच ठेवलं होतं. तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, "पाणीवाल्या, चाळीस वर्षांत मी लाखभर दात पाहिले असतील. तू किती पाहिलेस?"

ज्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं, तिथे मला गप्प बसता येत नाही.

"बत्तीस," मी म्हणालो.

"स्वतःचेच ना?" काकूंनी विचारलं आणि बाक पुन्हा हसला. टायपिस्टकाकासुद्धा हसले, जे सहसा दात दाखवत नसत.

"स्वतःचे नाहीत. सोळा आणि सोळा. थांबा, दाखवतो."

मी खुर्चीतून उडी मारली. तेवीस पायऱ्या चढताना माणसाला विचार करायला पुरेसा वेळ मिळतो, आणि मी विचार केलाही. पिपेट न्यावी की ब्युरेट, असा. ब्युरेट स्वभावाने शांत, अनोळखी माणसाला चालली असती. पण पिपेटचे दात जास्त नारिंगी होते. चांगल्या नमुन्यासाठी थोडी गैरसोय सोसावी लागते. मी पिपेटला बाहीत घेतलं, दार ओढलं आणि खाली आलो. माझं चित्त फक्त एका गोष्टीवर होतं: दिव्याचा प्रकाश पांढरा आहे, म्हणजे रंग बरोबर दिसेल.

मी खुर्चीत बसलो आणि पिपेट मांडीवर घेतली.

विमा एजंट बाकावर उभा राहिला. इतक्या वेळा मृत्यूवर लिहिलेला माणूस इतक्या चपळाईने वर चढेल असं वाटलं नव्हतं. टायपिस्टकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे त्यांच्यापुरता प्रश्न मिटला. काकू जागच्या हलल्या नाहीत. "बारीकच आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या रोपवाटिकेत याचे आजोबा फिरतात."

बाई मात्र एकटक बघत होत्या. मग त्यांनी खण उघडला, हातमोजे काढले, डोळ्याला लावायचं भिंग काढलं. खुर्ची दोन पेडल वर घेतली, दिवा जवळ ओढला.

"तोंड उघड," त्या पिपेटला म्हणाल्या.

मी पिपेटला मानेच्या कातडीला धरून वरचा ओठ अंगठ्याने उचलला. ती तक्रार करत होती, पण सौम्य.

"वरचे दोन गडद नारिंगी," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता, समोर कुणीतरी लिहून घेत असल्यासारखा. "खालचे दोन फिकट, लांब. सुळे नाहीत. मध्ये सगळी मोकळी जागा. दाढा मागे. किती?"

"बारा."

"बारा." त्यांनी कापसाचा बोळा चिमट्यात धरून वरच्या दातावरून फिरवला, पुन्हा फिरवला, बोळा दिव्यापाशी नेला. तो पांढराच होता. "निघत नाही."

"एनॅमलमध्ये लोह असतं. पुढच्या बाजूला. पांढरे पडले तर उंदीर आजारी समजायचा."

"खालचे हलतायत. हिरड्या गेल्यात हिच्या."

"नाही बाई. खालचा जबडा मध्ये पक्का जुळलेला नसतो. तिला ते दोन दात वेगळे करता येतात, बोटांसारखे."

बाईंनी भिंग वर केलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घेतलं. पिपेटने दात थोडे फाकवून परत जुळवले.

"सुंदर," बाई म्हणाल्या. वर्षभरात मंडळातल्या कुणाच्याही लिखाणाला हा शब्द मिळालेला नव्हता.

त्यांनी हातमोजे काढले. "तुझं बरोबर आहे. नारिंगी आहेत."

मी बाकाकडे पाहिलं. आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी बरोबर ठरलो नव्हतो. छातीत काहीतरी फुललं होतं, आणि ते फुललेलं असतानाच टायपिस्टकाकांनी चष्मा न लावता विचारलं, "पण हा प्राणी आणला कुठून?"

माझी दातखीळ बसली. कोर्टात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा प्रश्न होता तो, साधा आणि जागच्या जागी. मी काही जुळवायच्या आत वरून आवाज आला. टकटक. कुरकुर. बहीण कुठे गेली म्हणून ब्युरेटने फळी धरली होती.

बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं. बराच वेळ ऐकलं.

"तू इथे बसलायस," त्या म्हणाल्या. "मग टायपिंग कोण करतंय?"

कुणी हसलं नाही. काकूंनी पर्स उचलली. विमा एजंट बाकावरून उतरून भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेला, तिथून वळून मला म्हणाला, "म्हणजे ते डोळ्यांचं खरंच होतं?" त्याचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. वर्षभर ज्याला तो आजचा माणूस समजून हळहळला, तो कानामागे खाजवून घेत होता.

सगळे गेल्यावर बाईंनी दार लावलं आणि बाकावर माझ्यासमोर बसल्या. दिवा तसाच चालू होता. मी खुर्चीत, वर चढवलेला, पाय अधांतरी. पिपेट माझ्या खांद्यावर येऊन बसली होती.

"किती आहेत?"

"दोन."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"नववं कलम वाचलं होतंस?"

"हो."

"ऑफिसची बॅग?"

"भुसा," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. त्या वर्षभर माझी कीव करत होत्या, ती आता परत घेत असाव्यात.

मग मी सगळं सांगितलं. तीन खोल्या, तांबडं पाणी, उतरलेलं वजन, डॉक्टर काय म्हणाले ते. नीट सांगावं म्हणून मी फोनवर वहीचे फोटोही दाखवले. मला याचना करता येत नाही, तक्ता दाखवता येतो.

"चाळीस ग्रॅम म्हणजे हिच्या वजनाच्या किती?"

"तेरा टक्के."

"माझे सात किलो," बाई स्वतःशी म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला. पिपेटने त्यांचं बोट हुंगलं.

"दोघी राहू देत," त्या म्हणाल्या. "नववं कलम मी कुत्र्यासाठी लिहिलं होतं. आधीच्या भाडेकरूचा कुत्रा माझ्या पेशंटवर भुंकायचा."

मला वाटलं, संपलं. जीव भांड्यात पडला. मी उठायला लागलो, पण खुर्ची खाली आलेली नव्हती आणि पेडल बाईंच्या पायाशी होतं.

"बस," त्या म्हणाल्या. त्यांनी कच्ची छपाई माझ्या मांडीवर ठेवली, वर पेन ठेवलं. "फक्त ते शुभ्र राहू दे."

"पण तुम्ही आत्ताच पाहिलंत."

"पाहिलं. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. वाचकाला कशाला?"

"चूक आहे ती."

"ऐक. पुस्तकावर माझं नाव जाणार, संपादक म्हणून. नावाखाली दंतवैद्य. पुस्तक घेणार कोण? माझे पेशंट. ते पान सात उघडतात आणि काय बघतात, नारिंगी दात. बाईंची नजर गेली, म्हणतील."

"तळटीप देता येईल. लोहाची."

"गोष्टीला तळटीप?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं तसं त्या बहुधा दात न घासता आलेल्या पेशंटकडे बघत असाव्यात. मग आवाज खाली आला. "आणि दुसरंही आहे. आज चारचौघांसमोर माझ्याच दवाखान्यात, माझ्याच दिव्याखाली तू मला चूक ठरवलंस. ठीक आहे, होते चूक. पण छापून येईल ते तरी माझं बरोबर असू दे."

याचं उत्तर आकड्यात नव्हतं.

प्रयोगशाळेत मी कधी आकडा बदललेला नाही. मागच्या पावसाळ्यात साहेबांनी गढूळपणा पाच पूर्णांक दोनऐवजी चार पूर्णांक नऊ लिही म्हणून सांगितलं होतं, कारण पाचाच्या वर गेलं की वरून फोन येतो. मी लिहिला नाही. दोन महिने मला पावसात नमुने गोळा करायला पाठवलं, तरी लिहिला नाही. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी बऱ्याच लोकांना ऐकवला आहे. बाईंनाही ऐकवला होता.

"विचार कर," बाई म्हणाल्या. "घाई नाही. महिनाअखेरपर्यंत खोली तुझीच आहे."

त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. त्या फक्त तारीख सांगत होत्या, पुढच्या वेळेला या म्हणावं तशी. पिपेट माझ्या कॉलरमध्ये शिरली. तिचा श्वास मानेला लागत होता, एका लयीत, शिंक नाही, घरघर नाही. गेले आठ महिने नव्हती. वहीत तशी नोंद आहे.

मी स्वतःशी मांडून पाहिलं. पाणी लोक पितात. गोष्ट कुणी पीत नाही. चुकीचा गढूळपणा छापला तर माणसं आजारी पडतील, चुकीचा दात छापला तर कुणाचंही काही बिघडत नाही. ही मांडणी चांगली होती. तिच्यात कुठेतरी चूक आहे हे मला कळत होतं, पण ती नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते शोधायला मी बसलो नाही, आणि असं माझ्या बाबतीत प्रथमच घडलं.

"सही कुठे करू?" मी विचारलं.

"नुसती सही नको. टायपिस्ट उद्या म्हणायचा, बाईंनी परस्पर बदललं. तू ते खोड आणि तुझ्या हाताने लिही."

मी छापलेलं 'शुभ्र' खोडलं आणि त्याच्या वर माझ्या अक्षरात 'शुभ्र' लिहिलं. बाजूला आद्याक्षरं, तारीख आणि वेळ टाकली. वेळ कुणी मागितली नव्हती.

बाईंनी कागद दिव्यापाशी धरून पाहिला. "अक्षर छान आहे रे तुझं," त्या म्हणाल्या. त्यांनी पेडलवर पाय ठेवला, पण दाबलं नाही. पान उलटलं. "आता इथे. 'तिची अठरा सेंटिमीटर लांब, खवल्याखवल्यांची शेपूट.' विमावाल्याला हे ऐकताना कसंतरी होतं, मी दर वेळी बघते. ही जरा कमी कर."

पिपेटची शेपूट माझ्या कॉलरमधून बाहेर आली होती आणि बाईंच्या डोळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात, शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत लोंबत होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"किती सेंटिमीटर करू?" मी विचारलं.